हिरवी दोरी आणि पांढरी कोंबडी

मला भविष्याची किळस येते. विश्वास नाही वगैरे नंतर, आधी किळस. लहानपणी चिपळूणला आमच्याकडे एक जोशीबुवा यायचे. पानाने लाल झालेलं तोंड घेऊन आईचा हात हातात धरून बसायचे, आणि ते गेले की आई दोन-दोन दिवस धड जेवायची नाही. तेव्हापासून हे. लग्नसुद्धा मी पत्रिका न बघता केलं. हे आधीच सांगतोय, कारण पुढचं वाचून कुणीतरी म्हणणारच – ‘तुमचा मनातून विश्वास असणार हो’. नाही. नव्हता, आणि आजही नाही... निदान मी तसं धरून चाललोय.

मी सौदीत रास अल खैरला असतो. समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्लांट आहे, तिथल्या एका ठेकेदाराकडे डॉक्युमेंट कंट्रोलर. प्रत्येक कागदाला नंबर, प्रत्येक बदलाला रिव्हिजन, जुनी रिव्हिजन कधीही पुसायची नाही – हे माझं काम. कॅम्पमध्ये आम्ही चाळीसेक मराठी, बहुतेक कोकणातले, सगळे घरदार तिकडे ठेवून आलेले. आणि आम्ही दरवर्षी दिवाळी अंक काढतो. छापत नाही, पीडीएफ फिरवतो. संपादक म्हणजे आमच्या मेसचे सुपरवायझर नलावडे, साताऱ्याचे.

गेल्या वर्षी मी अंकासाठी एक लेख लिहायला घेतला होता : अठराव्या शतकातल्या इंग्रजी मासिकांमधलं ज्योतिष. हसण्यासाठीच. ती मासिकं स्कॅन करून नेटवर फुकट टाकलेली आहेत. काय घाण आहे ती! वाचक आपली जन्मवेळ पत्राने कळवायचे आणि मासिकातला ज्योतिषी पुढच्या अंकात उत्तर छापायचा – अमक्या बाईचा नवरा बोटीवर मरेल, तमक्याने चुलत्यापासून जपावं. शेजारच्या पानावर फाशी दिलेल्या माणसाच्या चरबीची मेणबत्ती कशी करावी. दोन पानं वाचली की हात धुवावेसे वाटायचे. आणि हे शिकलेसवरलेले लोक वर्गणी भरून वाचत होते.

लेख दिला, तर नलावडे म्हणाले, “लेख छान आहे, पण भविष्य कोण लिहिणार? गेल्या वेळचे कुलकर्णी नोकरी सोडून एक्झिटवर गेले, कायमचे घरी.”

“नको ना मग भविष्य. या देशात तो गुन्हा आहे, माहितीये ना?”

“म्हणून तर ‘वार्षिक मार्गदर्शन’ नाव देतोय. अहो, राशीशिवाय दिवाळी अंक कोण उघडतं? तुमचा लेख तरी कोण वाचणार?”

मला तिडीक आली. म्हटलं, थांबा, देतो तुम्हाला मार्गदर्शन. त्याच जुन्या मासिकातलं बारा राशींचं वर्षफळ उचललं आणि मराठीत केलं. बोटीच्या जागी विमान, सरदाराच्या जागी कफील, म्हणजे ज्याच्या व्हिसावर आपण इथे असतो तो मालक. त्यांची रास सूर्याची, आपली चंद्राची, मुळात मेळच नाही... म्हटलं, लोकांना काय कळतंय. अकरा राशी झाल्या. बारावी मीन. त्या स्कॅनमध्ये ते पान खालून फाटलेलं होतं, नुसतं वरचं ‘मीन’ दिसत होतं.

मग मीन मी मनानेच लिहिली. होईल तितकी मूर्खपणाची लिहिली, कुणाला तरी शंका यावी म्हणून : ‘मंगळवारी हिरव्या दोरीला हात लावू नये. पांढऱ्या कोंबडीला नाव घेऊन हाक मारू नये. बाकी वर्ष सुखाचं.’ नलावड्यांनी कोंबडीचं वाक्य काढून टाकलं. म्हणाले, थट्टा वाटते. माझी फाइल रिव्हिजन ए, त्यांची बी. दोन्ही आजही माझ्याकडे आहेत.

अंक फिरला. आणि पुढच्याच आठवड्यात देवू परब अडून बसले.

परबकाका मालवणकडचे, पन्नाशी उलटलेले, रिगर. क्रेनला माल बांधायचा, हुकाला लावायचा, हे त्यांचं काम. आता ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो – माल उचलायचे कापडी पट्टे रंगावरून ओळखतात, आणि दोन टनाचा पट्टा हिरवा असतो. आमचे लोक त्याला दोरीच म्हणतात. लिहिताना हे माझ्या डोक्यात होतं का? नव्हतं. मी कागदांचा माणूस, साइटवर महिन्यातून एकदा जातो. काकांची नावरास मीन. मंगळवार उजाडला की ते हिरव्या पट्ट्याला हात लावेनात. पहिल्या मंगळवारी पोट दुखलं, दुसऱ्या मंगळवारी पाठ. तिसऱ्याला फोरमन म्हणाला, अजून एकदा असं झालं तर खलास, घरी जा. इकाम्याचं, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण दोन महिन्यांवर होतं आणि मुलगी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला.

मी त्यांच्या खोलीवर गेलो. लॅपटॉप उघडून फाटलेलं पान दाखवलं. “काका, हे बघा, इथे काहीच नाही. ते मी लिहिलंय. चहा पिता पिता, थट्टा म्हणून.”

त्यांनी पडद्यावरच्या फाटक्या कडेवरून बोट फिरवलं. “तू खोटा लिवलंस? आमच्या अंकात?”

“हो. चुकलो. पण तुम्ही असल्या फालतू गोष्टीपायी नोकरी घालवू नका.”

“आणि मी येडो तीन मंगळवार घाबरान ऱ्हवलंय.” ते हसले. कसंनुसं हसले, आणि मला त्यांचीसुद्धा चीड आली, की माणूस इतका भोळा का असतो. “जातंय मी उद्या. तू सांगतस मगे काय.”

दुसऱ्या दिवशी मंगळवार. सकाळी नऊच्या सुमाराला पाइपचा एक तुकडा उचलायचा होता. पट्टा तुटला नाही, क्रेनही चुकली नाही. काकांनी हिरवा पट्टा नीट बसवायला हात घातला आणि पाइप जरासा फिरला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

जुबैल शहरातल्या हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो. काका म्हणाले, “तू लिवलंस ता खरा झाला.”

“काका, ते खोटं होतं, सांगितलं ना.”

“तुका वाटता खोटा.”

ते तसंच मनात धरून हा माणूस घरी जाणार, हे मला सहन होईना. ठरवलं, त्या फाटलेल्या पानावर खरोखर काय होतं ते शोधायचं. काहीतरी भलतंच असणार – वारसाहक्क, ताप, काहीही. ते काकांना दाखवायचं आणि विषय संपवायचा. पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर सगळा कॅम्प झोपलेला असताना शोधायला बसलो. दुसऱ्या एका ग्रंथालयाची प्रत सापडली. पान अख्खं.

मीन. मंगळवारी हिरवा दोर हाती धरू नये. पांढऱ्या कोंबडीला नाव घेऊन हाक मारू नये. बाकी वर्ष सुखाचं.

कोंबडी. अंकात कोंबडी नव्हतीच. ती फक्त माझ्या रिव्हिजन एमध्ये होती.

मी माणूस कागदाचा, म्हणून तारखा तपासल्या. आधी कुठे वाचून विसरलो असेन, म्हणावं तर ती प्रत नेटवर चढली आमचा अंक निघाल्यानंतर तीन आठवड्यांनी. त्याआधी अख्खं पान कुठेही नव्हतं, निदान मला तरी सापडलं नाही. फाटलेल्या पानाच्या कडेला अक्षरांचे शेंडे दिसत होते का, म्हणून ते पडद्यावर मावेना इतकं मोठं करून पाहिलं. काही नाही. कोरा कागद. कुणाकडे उत्तर असेल तर सांगा, मला हवंय. ‘तुमच्यात दैवी शक्ती आहे’ असं मात्र कृपा करून लिहू नका. दोघांनी म्हटलंय आतापर्यंत, दोघांशी मी बोलणं सोडलं.

मला देव-दैवाचं काही वाटत नाही. मला माझी किळस येते. काकांना कामावर मी पाठवलं. जी घाण मी आयुष्यभर दाराबाहेर ठेवली, ती माझ्याच हाताने लिहिली होती, आणि ‘खोटी आहे’ म्हणून छातीठोकपणे सांगितली होती. काकांना मी ते पान अजून दाखवलेलं नाही.

ते आता गावी असतात. गेल्या आठवड्यात त्यांचा व्हॉइस मेसेज आला. मागे कोंबड्यांचा आवाज होता. “यंदा काय लिवलंस रे? माझा ऱ्हवांदे. चेडवाचा सांग. परीक्षा हा तिची. तिची रास कन्या.” आवाजात राग नाही, काही नाही. नुसता विश्वास. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

नलावड्यांना यंदा भविष्य देणार नाही म्हणून स्पष्ट सांगितलंय. पण काकांना नाही म्हणता येईना. काल दुपारी ऑफिसात बसून एकच ओळ टाइप केली – ‘कन्या : परीक्षेत यश, वर्ष सुखाचं.’ साधी, सरळ, कुणालाही लागू पडेल अशी. ती अजून पाठवलेली नाही. कारण ती मी मनाने लिहिली की नाही, हे मला सांगता येत नाही.