होड्यांवर नावे घालणारे गृहस्थ

मिरकरवाड्याच्या बंदरात होड्यांवर नावे रंगवणारे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे होते. नवी होडी पहिली खेप करून सुखरूप परतल्याखेरीज ते तिच्यावर अक्षर घालीत नसत. मालक रागावला तरी म्हणत, "आधी जाऊन येऊ दे तिला."

धूमकेतूची सारे वाट पाहत होते त्या वर्षी, पन्नाशी उलटल्यावर, मी पहिला लेख लिहिला. विषय लघुग्रहांची नावे. भीतभीत तो त्यांनाच वाचून दाखवला. कक्षा नक्की होईपर्यंत लघुग्रहाला नाव मिळत नाही, हे ऐकताच ते खुलले.

"म्हणजे आमच्यासारखंच की! मग शोधणारा आपलंच नाव घालत असेल?"

"नाही. दुसऱ्या कुणाचे सुचवतो. स्वतःचे देण्याची रीत नाही."

लेखाखाली माझे नाव नव्हते. तो निनावीच मासिकाकडे पाठवण्याचे मी ठरवले होते. त्यांच्या ते नजरेस आले.

"मास्तर, लाजताय होय?"

त्यांनी बारीक कुंचला निळ्या रंगात बुडवला.

"आपलं आपण घालायचं नसतं ना? मग मी घालतो."

होडीला शोभतील अशा ठसठशीत अक्षरांत त्यांनी माझे नाव लिहिले. रंग वाळेपर्यंत तो कागद दोन्ही हातांनी धरून मी धक्क्यावर बसून राहिलो.