रिकाम्या कपाटाचं कुलूप

आमच्या जिल्हा ग्रंथालयात सरकारी प्रकाशनांचं काचेचं कपाट आहे. परवा पाहिलं, तर आत एकही पुस्तक नव्हतं. काचेवर क्यूआर कोड चिकटवलेला आणि त्याच्यासमोर एक आजी मोबाइल धरून उभ्या. त्यांचं गाव धरणात गेलेलं. जिल्ह्याची माहिती देणाऱ्या जुन्या गॅझेटियरमध्ये त्या गावावर अर्धं पान होतं, ते त्यांना नातीला दाखवायचं होतं. मोबाइलवर मात्र पुन्हा पुन्हा एकच ओळ येत होती: पान सापडत नाही.

"साइट नवीन केलीय, जुन्या लिंक चालत नाहीत," कारकून म्हणाले.

"मग पुस्तकच द्या."

"ते रद्दीत गेलं. आता सगळं ऑनलाइन आहे ना, आजी!"

सगळं आहे म्हणे! अहो, पुस्तकांना वाळवी लागायची, पण तीसुद्धा अख्खा जिल्हा एका रात्रीत खात नसे. एका गावाला बुडवायचं तरी किती वेळा?

आजी निघून गेल्या. मी चिडून कपाटाचं दार ओढलं, तर उघडेना. त्या रिकाम्या कपाटाला कुलूप होतं.

"किल्ली साहेबांकडे असते," कारकून म्हणाले. "सरकारी मालमत्ता आहे, जपावी लागते."