चार हातांचं अंतर

भाजलेल्या तिळांच्या वासाला परदेश ठाऊक नसतो. २००६च्या संक्रांतीला अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये, खिडकीबाहेर बर्फाचा पांढरा उजेड साचलेला असताना, माझ्या विद्यार्थिदशेतल्या एका खोलीत आई लाडू वळत होती आणि मी अभ्यासातल्या तत्त्वज्ञाची गोष्ट तिला सांगत होते. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा ॲमस्टरडॅमचा तो तरुण. ईश्वर आणि निसर्ग एकच मानणारा. समाजानं त्याला वाळीत टाकलं, कुणी त्याच्या चार हातांच्या आतही जाऊ नये असं बजावलं. पुढे भिंगं घासून त्यानं पोट भरलं. एका विद्यापीठानं मानाची जागा देऊ केली, पण रूढ धर्माला धक्का लावायचा नाही या अटीवर, म्हणून तीही त्यानं नाकारली.

"त्याला जेवायला कोण घालायचं गं?" आईनं विचारलं. बाबा गेल्यापासून एकट्या माणसाची गोष्ट निघाली, की तिला आधी त्याचं ताट आठवे.

संध्याकाळी, लाडवांचा डबा घेऊन, इथल्या मराठी मंडळातल्या मेधाताईंकडे हळदीकुंकवाला गेलो. दारात बर्फाचे बूट, आत पैठण्या, अत्तर, कुंकवाचा करंडा. मेधाताईंनी आईला हलकेच बाजूला घेतलं.

"काकू, तुम्ही बेसमेंटमध्ये कम्फर्टेबल बसा ना, मुलं मूव्ही बघतायत. तुमचं वाण सेपरेट ठेवलंय मी. काही जणी ऑर्थोडॉक्स आहेत, यू नो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कसली ही माणसं! सातासमुद्रांपलीकडे येताना कुकरबरोबर नेमकं हेच बांधून आणलं! मी तोंड उघडणार, तोच आई म्हणाली, "अटीवरचं वाण नको हो मला. द्यायचं तर इथंच द्या, सगळ्यांबरोबर."

आणि ती सोफ्याच्या मधोमध जाऊन बसली. शेजारच्या दोघी पदर सावरत उठून पलीकडे गेल्या. मी तिच्याजवळ बसले. फिरत आलेला करंडा आमच्यासमोर थबकला, मग पुढे गेला.

आईनं डबा उघडला, दोन्ही हातांनी पुढे धरला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "तिळगूळ घ्या."

'गोड बोला' मात्र ती म्हणाली नाही.

संक्रांतीचा तिळगूळ कुणी नाकारत नाही. पण तो घ्यायला उठून तिच्यापर्यंत यावं लागणार होतं. आई डबा धरून बसून राहिली. तिला काही घाई नव्हती.