तिसरी हाक

वकिलांच्या बाररूममध्ये किस्से कोणी जमवत नाही, चहा येईपर्यंत ते आपोआप जमतात! सत्तर-ऐंशीच्या काळात मी भंडाऱ्याच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी अपिलं चालवायचो. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही नाही म्हणतो, पण दिवसाउजेडी म्हणतो.

*

आंधळगावच्या दोन विणकरांचं सामाईक भिंतीवरून अपील होतं. त्यातला एक वारला आणि कोर्टाला कोणी कळवलंच नाही. आमच्या झिबल शिपायाने व्हरांड्यातून मेलेल्याच्या नावाचा खणखणीत पुकारा केला. दुसरा पुकारा होताच विरुद्ध पार्टीचा म्हातारा हात जोडून उभा राहिला.

"साहेब, इतक्या जोरानं नोका बोलावू. येईन ना तो!"

जज्जसाहेब हसले, पण म्हातारा दारापासून लांब सरकून उभा राहिला.

*

आसगावला धानाच्या दोन बांद्यांमधल्या धुऱ्याचा, म्हणजे दोन खाचरांमधल्या बांधाचा वाद. कोर्ट कमिशनर म्हणून आमचे देशकर वकील गेले. भर दुपारी साखळी लावून मोजणी झाली. साखळीचं पलीकडचं टोक एका उंच माणसाने धरलं होतं. पंचनाम्यावर सह्या घ्यायच्या वेळी तो दिसेना.

"तुमचा माणूस कुठे गेला?" देशकरांनी वादीला विचारलं.

"आमचा नाई, तो त त्याईचा!"

"आमचा?" प्रतिवादी म्हणाला, "आमी त तुमचा समजलो!"

अपिलात तीच मोजणी कायम झाली. धुरा इंचभरही चुकला नव्हता!

*

आणि दिघोरीची सायत्राबाई. नवरा गोविंदा वारल्यावर तिचा दीर महादेव त्याच्या शेतावर हक्क सांगत म्हणाला, "मरताना दादानं वावर मले देल्लं." खालच्या कोर्टाने ते मानलं. त्या वावराशिवाय बाईला दुसरा आधार नव्हता. अपील माझ्याकडे आलं.

सुनावणीच्या दिवशी मी दुसऱ्या कोर्टात अडकलो. धावत आलो, तर अपील गैरहजेरीत खारीज! आणि बाई दाराशेजारीच बसलेली!

"काहून नाई उठल्या, बाई?" मी ओरडलोच.

"तिसरी हाक आलीच नाई, वकीलसाहेब. दोन हाकांले ओ कशी देऊ?"

आमच्या खेड्यांत मानतात, माणूस तीनदा हाक मारतो, भूत दोनदाच. झिबलला नेमकी त्या दिवशी घाई होती, त्याने दोन पुकाऱ्यांत आटोपलं! अर्जात हे कारण लिहिताना मला लाज वाटली, पण साहेबांनी अपील पुन्हा बोर्डावर घेतलं.

नव्या तारखेला झिबलने बाईला मोजून तीन पुकारे दिले. दोन्ही पार्ट्या आत आल्या. मी बोलायला उभा राहिलो, तेवढ्यात व्हरांड्यातून हाक आली.

"महादेवाऽ!"

साहेब चिडले. "झिबल, पार्टी आत आहे ना? आता कशाला पुकारतोस?"

झिबल तर त्यांच्या टेबलाजवळच उभा होता.

"महादेवाऽ!"

सायत्राबाईने पदर डोक्यावर ओढला. नवऱ्याचा आवाज बायको ओळखणार नाही? झिबल बाहेर डोकावून आला. "कोणीच नाई, साहेब." आम्ही सगळे तिसऱ्या हाकेची वाट पाहत राहिलो. ती आली नाही.

महादेव घामाने डबडबला होता. "साहेब, दादानं मले काईच देल्लं नवतं. वावर वैनीचंच हाय. लिहून टाका."

तडजोड नोंदवण्याआधी विचारायचा असतो, तो प्रश्न साहेबांनी विचारला, "हे स्वखुशीने सांगताय ना? कोणाचा दबाव नाही?"

महादेवने दाराकडे पाहिलं.

"जित्या माणसाचा नाई, साहेब."