पावना आला

वाघाला मराठी येत नाही. नाव घेतलं म्हणून तो येत नाही, आणि घेतलं नाही म्हणून टळतही नाही. पण हे सुगंधाबाईला सांगून पाहा! पोंभुर्ण्याकडच्या जंगलगावात तिचे केस पिकले, पण रानात तिनं ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. नवरा लटारू सरपणाला गेला आणि त्या जनावरानं त्याला उचललं, तेव्हापासून तर घरातसुद्धा नाही. नाव घेतलं की तो आवतण समजून येतो, असा गावाचा पक्का समज. तिथे त्याला 'पावना' म्हणतात. 'पावना आला' म्हटलं की शेंबडं पोरही ताठ उभं राहून हळूहळू मागे सरकतं.

त्या ताठ उभं राहण्यात मात्र अर्थ आहे. दोन पायांवरचा माणूस वाघाला अनोळखी वाटतो. सहसा तो वाट सोडून देतो. पण मोहफुलं वेचायला बाई ओणवी झाली, की मान खाली, पाठ उघडी, उंची हरणाएवढी. त्याला ते चारपायी जनावरच दिसतं. मोहाच्या दिवसांत बायांवर हल्ले होतात ते यामुळे. देवाच्या कोपाचा त्यात काही संबंध नाही.

यंदा नवी सून दिव्यानी पहिल्यांदा मोह वेचायला आली. माहेर कोरपन्याकडचं, कपाशीतलं. झाडाखालचा पाला झाडून जागा कशी साफ करायची, फूल न चेंगरता कसं उचलायचं, सगळं सासूनं शिकवलं. 'पावना' म्हणजे कोण, एवढं एक सांगायचं राहिलं. ते सांगायचं तर नाव घ्यावं लागलं असतं.

त्या सकाळी सासू एका मोहाखाली, सून हाकेच्या अंतरावर दुसऱ्या. एकाएकी वानरं ओरडू लागली. वानराला वरून दिसतं, आणि ते जिकडे तोंड करून ओरडतं तिकडेच धोका असतो. सगळी तोंडं दिव्यानीच्या मागच्या झुडपांकडे होती.

"दिव्यानी, पावना आला वो!"

"हो आई, येवढं वेचून येतो."

कोणीतरी पाहुणा दारात ताटकळला असेल, चहा टाकावा लागेल, साखर तरी आहे की नाही, या घाईत ती आणखीच वाकून भराभर वेचू लागली. सासूनं पुन्हा तीच हाक दिली. सून आणखी खाली झाली. वारा नव्हता, तरी झुडूप हललं. सुगंधाबाईच्या जिभेवर शब्द होता, पण जबडा उघडेना.

"वाघ! वाघ हाये वो, उभी राय!"

दिव्यानी ताठ झाली. टोपली उपडी झाली. झुडपातून पिवळं काहीतरी सरकत दूर गेलं. पाठ न दाखवता दोघी मागे मागे सरकत मोकळ्यावर आल्या.

सून वाचली, याचं कौतुक गावात दोन दिवसही टिकलं नाही. शेजारच्या मंगलीच्या गोठ्यातून वासरू गेलं. बोअरिंगवर, सगळ्यांदेखत, मंगली म्हणाली, "आवतन तू देल्लं बाई, अन् जेवला आमच्या घरी." त्यानंतर एकही बाई त्यांच्यासोबत मोहाला येईना. घोळक्यानं, बोलत, गलका करत जावं हाच वाघावरचा खरा उपाय. गावानं नेमका तोच काढून घेतला. आणि हेही सांगून टाकते, मंगलीचं खरंच असावं, असं सुगंधाबाईलाही वाटत होतं.

मोह कोणासाठी थांबत नाही. दोघीच गेल्या. एकीनं वेचायचं, दुसरीनं तिच्या पाठीशी उभं राहायचं. दिव्यानी घटकाघटकानं विचारी, "आई, वाघ हाये का?" दरवेळी सुगंधाबाईच्या अंगावर काटा येई.

"नाई," ती म्हणे.

"तुमी नाव काऊन नाई घेत?"

सुगंधाबाईनं झुडपांवरची नजर काढली नाही.

"घेतलं ना एकडाव," ती म्हणाली. "वेच तू. मी हाओ उभी."