निळीची चव

आमच्या घरात निळीचे रांजण होते, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले. त्यांच्या खोलीत पाय टाकायची मला बंदी. नवरा वारला आणि मी माहेरी परत आले, तेव्हापासून. विधवेची सावली पडली की रांजण मरतो, आतलं पाणी नासतं, सूत रंग धरत नाही, असं आमच्यातले सगळेच रंगारी मानायचे. मी अंगणात ओल्या लडी वाळत घालायची. हात कोपरापर्यंत निळे, पण तेच हात उंबऱ्याच्या आत गेले की जग बुडणार! मला राग यायचा. आजही येतो.

आतला सगळा कारभार अप्पांचा, म्हणजे माझ्या वडलांचा. नीळ, चुना, गूळ आणि टाकळ्याचं बी घालून पाणी आंबवायचं, आणि ते तयार झालं की नाही हे जिभेनं ठरवायचं. अप्पा बोट बुडवायचे, जिभेला लावायचे, डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "चुना कमी हाय," नाहीतर, "आजचा दिस निजू द्या त्याला." गल्लीतले बाकीचे रंगारीसुद्धा आपापल्या रांजणातलं पाणी वाटीत घेऊन त्यांच्याकडं यायचे. अख्ख्या गल्लीचं पोट त्या जिभेवर होतं. आणि एक रीत होती. रांजण म्हणजे देव, त्याच्यासमोर थुंकायचं नाही. चाखलेलं गिळून टाकायचं.

त्या वर्षांत गिरण्यांच्या कापडापुढं आमचं सूत मागं पडायला लागलं होतं. कारागिरांचे धंदे तगावेत म्हणून इंग्रज सरकारचं एक खातं प्रयोग करायचं आणि नव्या रीती शिकवायला माणसं पाठवायचं. आमच्याकडं आले ते साहेब आपलेच, मराठी बोलणारे, सभ्य गृहस्थ. त्यांनी आमचं पाणी बाटल्यांत भरून तपासायला नेलं. रंगवलेल्या पट्ट्या अर्ध्या झाकून उन्हात ठेवल्या, कुठला रंग किती उडतो ते बघायला. अप्पा हसले. "सोलापुरात ऊन दावायला सरकार आलंय की!"

मग साहेबांनी एका पत्र्याच्या शेडमध्ये नव्या रीतीचं पिंप लावलं. आंबवणं नाही, दिवसन् दिवस वाट बघणं नाही. सगळे रंगारी जमले. बायका मागं आणि मी बायकांच्याही मागं. साहेबांनी बजावून सांगितलं, "यात कॉस्टिक सोडा आहे. भाजतो. अंगाला लागू देऊ नका." अप्पांनी मान हलवली, ती मी पाहिली. थोड्या वेळानं पाणी पिवळसर हिरवं झालं, तयार रांजणातलं दिसतं तसं. साहेब मोठ्या आदरानं अप्पांकडं वळले. "तुम्ही बघा बरं. झालंय का तयार?"

जन्मभर ज्याला हा एकच प्रश्न विचारला, त्या माणसाचं बोट जाणार कुठं? गेलं पिंपात, तिथनं जिभेवर.

"थुंका! थुंका आधी!" साहेब ओरडले. अप्पांनी ओठ घट्ट मिटले. डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं, मान ताठ झाली, पण रांजणासमोर थुंकायचं नाही म्हणजे नाही. गिळलं त्यांनी. अगं बाई, काय म्हणावं या हट्टाला! तो रांजण नव्हता, लोखंडाचं पिंप होतं.

साहेबांनीच टांग्यातनं दवाखान्यात नेलं. जीव वाचला. कित्येक दिवस अप्पा नुसत्या दुधावर होते. पुढं आवाज आला, जेवण आलं, चव काही आली नाही. शेंगाची चटणी चावून चावून म्हणायचे, "माती हाय ही." साहेब भेटायला आले, दारातच उभे राहिले. धीर द्यायला म्हणाले, "नव्या रीतीत चाखावंच लागत नाही. कागद बुडवला की कळतं." अप्पांनी भिंतीकडं तोंड केलं.

गल्लीतल्या लोकांना त्यांनी काही कळू दिलं नाही. वाटी घेऊन कुणी आलं, तर आई सांगायची, घसा अजून दुखतोय. पण आमचेच रांजण खोळंबले होते. जीभ परत आली नाही, तर धंदा बसणार, हे घरातल्या सगळ्यांना कळत होतं.

एका दुपारी आतून हाक आली. "पोरी, आत ये."

मी उंबऱ्याशी थबकले. "अप्पा, माजी सावली…"

"ये म्हंतो न्हवं!"

गेले. आत अंधार, गार, आंबूस वास. अप्पांनी माझं मनगट धरून बोट रांजणात बुडवलं. "चाख."

चाखलं. जीभ चुरचुरली.

"कसं लागतंय?"

"कडू."

"कडू हायच. त्याच्या मागनं काय येतंय?"

मागनं काय यायला हवं, हे मला कुणी कधी सांगितलं होतं? मी तुरट म्हटलं. मग खारट म्हटलं. अप्पांच्या तोंडाकडं बघत बघत शेवटी गोडसुद्धा म्हणून बघितलं. ते माझ्या ओठांकडं असे बघत होते, की मला रडू फुटलं आणि त्यातनंच संताप आला.

"आदी का न्हाय बोलिवलं मला? इतकी वर्सं दाराशी हुबी हाय की मी!"

अप्पांनी माझं बोट आपल्या धोतरानं पुसलं, पुन्हा पुन्हा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून सगळ्या रांजणांत माती लोटली. त्या पाण्यात चुना कमी होता की जास्त, ते मला आजही ठाऊक नाही.