गुलाबाच्या काड्या

माझा ल्योक गेला तवा सून आन मी, दोघीच उरलो. जमीन आदीच इकलेली. तिच्यावर आता कुनाचा तरी बंगला हाय. तळेगावच्या अलीकडं गुलाबाची नर्सरी हाय, तितं मी कामाला व्हते. सुनंलाबी घेऊन गेले. तिला काम लागलं न्हाई तर तिचा भाऊ तिला माहेरी न्येनार व्हता. मग मी येकटी.

सुपरवायझर म्हनला, "मावशी, येक ट्रे काड्या लावू द्या तिला. मुळ्या फुटल्या तर ठिवतो."

काम दिसाया सोपं. गुलाबाची काडी कापायची, वर येक-दोन पानं ठिवायची, बूड मुळ्या फुटायच्या पावडरीत बुडवायचं, झटकायचं आन ट्रेमदल्या मातीत खोचायची. पर सून डोंगरातल्या वाडीतली. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची, जेवढी राख जास्ती तेवढं रोप जोरात, ह्येच तिच्या हाताला ठावं. तिनं पावडर झटकलीच न्हाई. वर आनखी थापली.

काही दिसांनी काड्या उपसल्या. बुडाला नुसत्या गाठी, मुळी येक न्हाई. पानंबी गळलेली.

"काड्या पिठात घोळून तळायच्या व्हत्या का काय?" सुपरवायझर म्हनला. बाया हसल्या. सून गळलेली पानं येचाया लागली.

तितं येक शिकलेल्या म्याडम येत्यात. त्यांनी येक गाठ नखानं फोडली. "मावशी, काडीच्या शेंड्यात, कोवळ्या पानात एक रस तयार होतो. संजीवक म्हणतात त्याला. तो खाली उतरतो आणि कापलंय तिथं मुळी काढतो. पावडर म्हणजे तेच, वरून थोडंसं दिलेलं. जास्त झालं की काडी नुसती सुजते."

मी म्हनलं, "आनखी येक ट्रे द्या तिला." म्याडमनी हो म्हनून मान हालवली.

ह्या टायमाला सुनंनं येकयेक काडी झटकून लावली. पर धीर न्हाई. रोज येखादी हालवून बघायची.

"उपटू नगं गं बये, आत्ता कुटं धरतीया," मी म्हनलं.

त्या जास्तीच्या पावडरीवरनं मला आटवलं, ल्योक गेला तवा घरात मानसांचा ढीग. जो तो समजावनारा. आमा दोघींना रडूच आलं न्हाई. समदी गेल्यावर आलं.

मग येक दिस सुपरवायझरनं काडी उपसली. पांढऱ्या बारीक मुळ्या! उपसताना येकीचं टोक तुटलं, तशी सून दचकली.

म्याडम म्हनल्या, "लाव परत. टोक तुटलं ना, आता ती बाजूंनी फुटेल."

"उद्या येताना हातमोजे आन," सुपरवायझर म्हनला. "काटे लय हायत."

सुनंनं ती काडी परत खोचली, हात पदराला पुसलं आन भावाला फोन लावाया भाईर गेली.